शारदा सदन, १८९३ : उघड्या दाराचा प्रश्न

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. वरच्या जातींतल्या बालविधवांना राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतकं शिक्षण द्यायचं, एवढाच हेतू. पण मांडणी नाजूक होती. पैसा अमेरिकेतल्या देणगीदारांचा, संस्था चालवणारी बाई साडेपाच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली, आणि मुली सोवळ्याओवळ्याच्या घरांतल्या. साडेचार वर्षं हे कसंबसं सांभाळलं गेलं. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आलं आणि ऑगस्ट १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी, सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत अशी तक्रार करत, सल्लागारपद सोडलं. वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी घरी नेलं.

ख्रिस्ती सेवाकार्यात मदत आणि सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणं, यांचा मेळ कसा घालायचा, हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच पवित्रे दिसतात. एक म्हणतो, मदत हे आमिष आहे, आत गळ लपवलेला आहे. दुसरा म्हणतो, आम्ही निःस्वार्थ सेवा करतो, कुणी आपणहून प्रभूकडे आला तर त्याला अडवायचं का? सेवाकार्यात असलेल्या मंडळींशी बोलताना मी शारदा सदनाचं प्रकरण मुद्दाम मांडतो, कारण इथे दोन्ही पवित्रे अपुरे पडतात. रमाबाईंनी गळ टाकला नव्हता. तरीही सल्लागारांची तक्रार खोटी नव्हती.

रमाबाई या प्रश्नाशी कुठून आल्या

दोन गोष्टी लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. पहिली, भूक. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून समाजाचा रोष घेतला, आणि उरलेलं आयुष्य पुराणं सांगत तीर्थयात्रेत काढलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. मागे राहिलेली दोघं भावंडं पायी देश हिंडली. उपाशी माणसाला कुणी काय विचारलं तर तो काय उत्तर देईल, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, सद्सद्विवेकाचा आग्रह. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांच्या (अँग्लिकन जोगिणींच्या) आश्रयाला राहिल्या आणि २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण नंतरची पत्रं पाहा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत आहे तसा मानायला त्या तयार नव्हत्या. चर्च सांगतं म्हणून एखादी गोष्ट स्वीकारणं त्यांना जमत नव्हतं. ज्यांच्या घरी जेवायचं त्यांच्याशीच ही बाई वाद घालत होती. आश्रय देणाऱ्याचं ऋण आणि स्वतःचं मन यांच्यातली ओढाताण त्यांनी आधी स्वतः भोगली, मगच त्या दुसऱ्यांना आश्रय देणाऱ्या झाल्या.

हिंदुस्थानात परतताना चर्चच्या पैशावर संस्था काढायची नाही, हे त्यांनी ठरवलं त्याचं मूळ इथेच आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि पुढची दोन-अडीच वर्षं व्याख्यानं देत राहिल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. वेगवेगळ्या पंथांचे लोक तिच्यात होते आणि एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन (त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे) धर्मोपदेशक अध्यक्ष होते. दहा वर्षं खर्च देण्याचं या मंडळींनी कबूल केलं, आणि संस्था कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही, ही अट घातली.

दिलेला शब्द

सदनात धर्मशिक्षण नव्हतं. मुलींनी आपापली व्रतं, पूजा, सोवळं पाळायला मोकळीक होती. स्वयंपाक त्यांच्या जातीच्या नियमांना धरून होत असे. रमाबाई स्वतः जन्मभर शाकाहारी राहिल्या, त्यामुळे या बाबतीत त्यांना वेगळं काही करावंच लागलं नाही. वाचनालयात बायबल होतं आणि हिंदू धर्मग्रंथही होते.

या व्यवस्थेवर पहिली नाराजी हिंदूंची नव्हती, हे सहसा सांगितलं जात नाही. मिशनरी मंडळींनीच नाकं मुरडली. ख्रिस्ताचं नाव न घेता चालवलेली संस्था ख्रिस्ती कशी, असा त्यांचा सवाल. रमाबाईंवर एकाच वेळी दोन्ही बाजूंनी संशय होता, आणि मधली वाट चालणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या वाट्याला हे येतंच.

रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारख्या सुधारकांनी आपलं नाव संस्थेमागे उभं केलं. त्या नावाची किंमत काय होती हे त्या वेळचं पुणं डोळ्यांपुढे आणल्याशिवाय समजत नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून शहरातल्या नामवंतांना ग्रामण्याला, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याच्या कारवाईला, तोंड द्यावं लागलं. त्यांत रानडे होते, टिळकही होते, आणि पुढे प्रायश्चित्त घेण्याची पाळी आली. त्याच सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून रणकंदन सुरू होतं. जिथे एक पेला चहा इतका महाग पडत होता, तिथे एखादा बाप आपली विधवा मुलगी ख्रिस्ती बाईच्या घरी राहायला पाठवत होता. तो रमाबाईंच्या भरवशावर पाठवत नव्हता, रानड्यांच्या भरवशावर पाठवत होता.

नेमकं काय घडलं

रमाबाई आपल्या खोलीत, लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन, रोज प्रार्थनेला बसत. बायबल वाचत. खोलीचं दार उघडं असे. सदनातल्या मुली येता-जाता बघत. एखादी उंबऱ्याशी रेंगाळे, एखादी आत येऊन बसे. रमाबाई तिला बोलवत नव्हत्या आणि हाकलतही नव्हत्या. हळूहळू बसणाऱ्या मुली वाढल्या, आणि काहींच्या मनाचा ओढा ख्रिस्ताकडे दिसू लागला. बातमी बाहेर गेली. केसरीने शारदा सदनावर टीकेची झोड उठवली. सल्लागारांनी हरकत घेतली आणि अखेर बॉस्टनला कळवलं की संस्था धर्मांतराच्या मार्गाने चालवायची असेल तर आमचा तिच्याशी संबंध नाही.

रमाबाईंचं म्हणणं असं होतं : मी संस्थेत धर्म न शिकवण्याचा शब्द दिला, माझा धर्म लपवून ठेवण्याचा नाही. हे माझं घर आहे. माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना मी कडी लावून का करू? हिंदू मुलींना पूजेची मोकळीक आहे, तर मला का नाही?

हा युक्तिवाद सच्चा आहे, आणि मला तो पटतो. पण तो पुरेसा नाही.

घरी त्या मुलीची काय गत होती ते आठवा. नवऱ्याचा चेहराही न आठवणारी पोर, डोकं भादरलेली, एकवेळ जेवणारी, शुभकार्यात तोंड दाखवायचं नाही असं बजावलेली. ती इथे येते. इथे कुणी तिला पांढऱ्या पायाची म्हणत नाही. एक विद्वान बाई तिला जवळ बसवते, शिकवते, आजारी पडली तर उशाशी जागते. आणि ती बाई सकाळी डोळे मिटून कुणाशी तरी बोलते. ते कोण आहे हे जाणून घ्यावंसं त्या मुलीला वाटणार नाही, असं होईल का? हे आमिष नाही. पण निव्वळ मोकळी निवडही नाही. मायेला वजन असतं, आणि जिला आयुष्यात दुसरीकडून माया मिळालेली नाही तिच्यावर ते वजन सगळंच्या सगळं पडतं. धर्मशिक्षण न देण्याचा नियम या जागी मुका होतो, कारण शिकवण तासाला होत नव्हती, सहवासातून होत होती.

सल्लागारांची अडचणही खरी होती. रमाबाई ख्रिस्ती आहेत हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी पालकांना सांगितलं होतं की संस्था तटस्थ आहे. आता एखाद्या मुलीने बाप्तिस्मा घेतला तर पालक बॉस्टनला नव्हे, रानड्यांच्या दारात येणार होते. सुधारकांनी कच खाल्ली असं म्हणणं सोपं आहे. स्वतःच्या नावावर दिलेली हमी मोडताना दिसत असेल तर दुसरं काय करायचं होतं त्यांनी?

माझ्या मते चूक एका ठिकाणी झाली, आणि ती प्रार्थनेत नाही. तटस्थता म्हणजे काय, हे बॉस्टनच्या मंडळाने एका अर्थाने घेतलं, सल्लागारांनी दुसऱ्या, रमाबाईंनी तिसऱ्या. करार देणगीदार आणि संचालिका यांच्यात झाला, हमी सल्लागार आणि पालक यांच्यात. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं उभं केलं त्या मुलींना यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. रमाबाई रोज प्रार्थना करतात, दार उघडं असतं, मुलगी बसू शकते, बसली नाही तर तिच्या शिक्षणावर काही परिणाम होणार नाही, आणि मुलगी सज्ञान होईपर्यंत बाप्तिस्म्याचा विचार होणार नाही, एवढं प्रवेशाच्या वेळीच पालकांना स्वच्छ सांगता आलं असतं. मुली कमी आल्या असत्या. पण ज्या आल्या असत्या त्यांना अर्ध्यावर शिक्षण सोडून जावं लागलं नसतं. मुलगी घरी परत नेली म्हणजे तिचं शिकणं बहुधा तिथेच संपलं, आणि वादाची खरी किंमत त्या वीस-पंचवीस जणींनी मोजली.

नकार देणारी मुलगी

अशी संस्था तपासताना मी एकच प्रश्न आधी विचारतो : जी मुलगी नको म्हणते, तिचं पुढे काय होतं? किती जणींनी धर्म बदलला हा आकडा फारसं काही सांगत नाही.

शारदा सदन या कसोटीला चांगलं उतरतं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. चार वर्षं ती रमाबाईंच्या छपराखाली राहिली, शिकली आणि हिंदूच राहिली. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे वाद टोकाला जाण्याच्या काही महिने आधी, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. रमाबाईंचा त्या लग्नाला पाठिंबा होता. गोदूबाईंची आनंदीबाई कर्वे झाली, ती शारदा सदनातल्या शिक्षणाच्या शिदोरीवर. जी प्रार्थनेला बसत नव्हती तिच्या ताटात काही कमी पडलं नाही, याला यापेक्षा चांगला दाखला कुठला हवा?

वादाचा आणखी एक परिणाम झाला. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला. विधवांच्या शिक्षणाचं काम धर्मांतराच्या संशयातून मोकळं व्हावं, ही गरज १८९३ ने सगळ्यांपुढे आणली होती. ज्या पालकांना रमाबाईंकडे मुलगी पाठवायची भीती वाटत होती, त्यांना दुसरं दार मिळालं. सेवेच्या क्षेत्रात दुसरं दार असणं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण मदत एकाच ठिकाणी मिळत असेल तर तिथली प्रत्येक विनंती हुकमासारखी ऐकू येते.

केडगाव : भूक मध्ये आल्यावर

इथून प्रकरण अवघड होतं.

१८९३ नंतर रमाबाईंचा संकोच गेला. त्या लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यांना जाऊ लागल्या, सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्यांत रमाबाई स्वतः हिंडल्या. अनाथ मुलींना कोण, कशासाठी पळवून नेतं हे त्यांनी पाहिलं आणि सुमारे तीनशे जणींना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, इतक्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी फळबागेसाठी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती, तिथे तात्पुरती छपरं उभी राहिली. हेच पुढे मुक्ती सदन झालं. (त्याच वर्षी प्लेगच्या इस्पितळांतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी बॉम्बे गार्डियनमध्ये पत्र लिहून सरकारला जाब विचारला. सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या संस्थाचालकाला हे धाडस सोपं नसतं.) १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरात-राजपुतान्यापर्यंत पसरला, त्यातून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्ती सदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आता तटस्थतेची अट नव्हती. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली होती आणि अमेरिकेतलं मंडळ नव्याने उभं राहिलं होतं. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. रोज उपासना, बायबलचं शिक्षण, बाप्तिस्म्यासाठी भीमा नदीवर जाणाऱ्या बैलगाड्या, आणि १९०५ च्या जूनअखेरीस सुरू झालेलं ते प्रसिद्ध आत्मिक जागरण, ज्याची बातमी जगभरच्या मंडळ्यांत पोहोचली. सोबत विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतं, तेलघाणी, छापखाना. अंध मुलींसाठी वेगळी सोय, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. त्या काळी एवढ्या मुलींना हाताला काम आणि डोक्याला अक्षर देणारी दुसरी जागा दाखवा, असं मुक्तीचे चाहते म्हणतात. ते खरंच आहे.

पण माझा तोच प्रश्न इथे घेऊन या. गोदूबाईला नको म्हणता आलं, कारण तिच्यामागे भाऊ होता, घर होतं, पुण्या-मुंबईत तिच्या वतीने बोलणारी माणसं होती. छावणीतून उचलून आणलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोरीमागे कोण होतं? तिचं गाव उजाड, आईबाप मेलेले, भाषाही पुष्कळदा वेगळी. रमाबाईंनी तिला जबरदस्ती केली असं म्हणायला काही आधार नाही. जबरदस्तीची गरजच नव्हती. दोन हजार जणी ज्या देवाला हाका मारतात त्याला हाक न मारणं हे त्या पोरीला कसं सुचावं? आमचा धर्म आम्ही लपवत नाही, हा उघडपणा १८९३ च्या गोंधळावरचा चांगला इलाज होता. पालकांशी, देणगीदारांशी, सरकारशी तो प्रामाणिक होता. पण ज्या मुलीला जायला दुसरी जागाच नाही तिच्यापुरता तो निरुपयोगी आहे. पाटी स्वच्छ अक्षरांत लिहिलेली असली, तरी ती वाचून मागे फिरण्याची सोय तिला नव्हती.

हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. लाला लजपतराय यांनी उत्तरेत हिंदू अनाथांना सांभाळण्याची चळवळ उभी केली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्ष दिली. दुष्काळातली अनाथ मुलं आधी त्यांच्या स्वधर्मीयांच्या हवाली व्हावीत, ही मागणी निव्वळ द्वेषातून आलेली नव्हती.

मी रमाबाईंना दोषी ठरवत नाही. त्या गेल्या नसत्या तर त्या मुली मेल्या असत्या किंवा विकल्या गेल्या असत्या, आणि आक्षेप घेणाऱ्यांपैकी फार थोडे छावणीत पोहोचले होते. पण जीव वाचवला म्हणून आत्म्यावर हक्क येत नाही, हे वाँटेजमध्ये सिस्टरांशी भांडणाऱ्या रमाबाईंनीच सगळ्यांआधी ओळखलं असतं.

ओंगोलचा एक नियम

तुलनेसाठी एक उदाहरण, तेलुगू मुलखातलं. १८७६-७८ च्या दुष्काळात ओंगोलच्या बॅप्टिस्ट मिशनच्या जॉन क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं आणि हजारो भुकेल्यांना, बहुतांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मादिगा समाजातल्या लोकांना, मजुरी मिळवून दिली. कामावर सुवार्ता सांगितली जात होती. पण एक नियम त्यांनी कडक पाळला : मदत चालू आहे तोवर एकाचाही बाप्तिस्मा होणार नाही. वर्षभराहून अधिक काळ त्यांनी मागणी करणाऱ्यांना परत पाठवलं. मदत बंद झाली, आता द्यायला काही नाही हे सांगून झालं, तरी लोक आलेच. ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला.

या आकड्याने पुष्कळ जण भारावतात. मला त्याआधीचं थांबणं जास्त मोलाचं वाटतं. ते निर्दोष होतं असं नाही. उद्या पुन्हा दुष्काळ पडला तर साहेब आठवण ठेवील, ही आशा लोकांच्या मनात राहिली असणारच. शिवाय मादिगांना गावात मिळणारी वागणूक पाहता धर्म बदलण्याची त्यांची कारणं पोटापलीकडची होती, आणि त्यांना केवळ पोटार्थी म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. पण क्लॉ यांनी एक गोष्ट केली जी केडगावला झाली नाही : भाकर आणि बाप्तिस्मा यांच्यात त्यांनी वेळ घातला. त्या वेळात माणसाला घरी जाता आलं, चार लोकांशी बोलता आलं, मन बदलता आलं.

आज या प्रकरणातून काय घ्यावं

जगभरच्या इव्हँजेलिकल (सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या) ख्रिस्त्यांच्या १९७४ च्या लोझान करारनाम्याने सुवार्ता आणि सामाजिक कार्य ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्यं आहेत असं म्हटलं. रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेतलं तिसरं कलम सांगतं की मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी होणार नाही. २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि इव्हँजेलिकल आघाडी यांनी मिळून काढलेल्या निवेदनात लोकांच्या गरिबीचा फायदा घेणं ख्रिस्ती साक्षीत बसत नाही, असं स्पष्ट म्हटलं. तत्त्वाला आता तोटा नाही. अडतं ते उंबऱ्यावर, जिथे एखादी मुलगी उघड्या दाराशी उभी असते.

म्हणून वसतिगृह, दवाखाना किंवा पूरग्रस्तांचं केंद्र चालवणाऱ्यांना मी बारीक गोष्टींकडे पाहायला सांगतो. धान्याचं वाटप आणि प्रार्थना एकाच मांडवात, एकापाठोपाठ होतात का? प्रार्थनेच्या वेळी न येणाऱ्या मुलाला बसायला जागा आहे का, की त्याने अंगणात ताटकळायचं? देणगीदारांना पाठवायच्या अहवालात बाप्तिस्म्यांचा रकाना आहे का? असेल तर तो आधी काढा, कारण तो रकाना भरण्याचा दबाव शेवटी सगळ्यात खालच्या कार्यकर्त्यावर येतो. शेजारच्या गावात दुसऱ्या धर्माच्या लोकांनी चालवलेलं वसतिगृह असेल तर त्याचा पत्ता पालकांना आपण स्वतः देतो का? आणि ज्या मुलांना कुणीच नाही, त्यांच्या बाबतीत बाप्तिस्मा ती सज्ञान होईपर्यंत, आणि शक्य झालं तर संस्थेतून बाहेर पडून स्वतःचं कमवायला लागेपर्यंत, थांबवावा.

यावर एक हरकत नेहमी येते, आणि ती गंभीर आहे. श्रद्धा ही माझ्या सेवेचं कारणच असेल, तर ती दाराबाहेर ठेवून मी आत कसा जाऊ? माझं उत्तर असं की ती बाहेर ठेवू नका. रमाबाईंनी दार उघडं ठेवलं ते योग्यच होतं. प्रार्थना करा, विचारलं तर सांगा, न घाबरता सांगा. फक्त त्या दारातून बाहेर जाण्याची वाटही तितकीच मोकळी आहे, आणि बाहेर गेलेल्या मुलीचं ताट, पुस्तक आणि अंथरूण जिथल्या तिथे आहे, हे तिला रोजच्या वागण्यातून दिसू द्या.